मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे

ओट्याच्या कडेला उकळत्या चहाचे पातेले आणि खाली नुकतेच पाऊल टाकू लागलेले वर्षभराचे मूल. मूल हात वर करते, ओट्यावरून लोंबणारे फडके ओढते आणि चहा चेहऱ्यावर, छातीवर, एका हातावर सांडतो. भाजलेल्या लहान मुलांच्या वॉर्डात हा प्रसंग कोणाला नवा नाही. घरच्यांनी भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरला असेल तर फार चांगले. टूथपेस्ट किंवा शाई फासून आणले असेल तर आधी ती पुसावी लागते, कारण खालची जखम दिसतच नाही. जखम दिसली की डॉक्टरपुढे पहिला प्रश्न येतो : शरीराचा किती टक्के भाग भाजला?

हा आकडा केवळ केसपेपर भरण्यासाठी नसतो. शिरेतून किती द्रव द्यायचा, मुलाला इथेच ठेवायचे की मोठ्या रुग्णालयात हलवायचे, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते. आणि हा आकडा काढण्यासाठी गेली ऐंशी वर्षे जगभरचे डॉक्टर एका चित्राचा आधार घेत आले आहेत : माणसाच्या शरीराची दोन साधी रेखाचित्रे, एक पुढून आणि एक मागून. भाजलेला भाग पेनाने रंगवायचा आणि भागांच्या टक्क्यांची बेरीज करायची.

१९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. त्याच शहरातील लंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी १९४४ मध्ये भाजलेल्या क्षेत्राचा जो तक्ता प्रसिद्ध केला, तो आजही वापरात आहे. १९५१ मध्ये एडिनबरोच्या वॉलेस यांनी लक्षात ठेवायला सोपा असा ‘नऊचा नियम’ मांडला. मोठ्या माणसाचे डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, प्रत्येक पाय १८ आणि जांघेतला भाग १. बेरीज बरोबर १००. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला हे पाठ असते, आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते.

कारण हे आकडे मोठ्या माणसाचे आहेत. वर्षभराच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते आणि पाय आखूड. त्याच्या डोक्याचा व मानेचा वाटा ९ नव्हे, साधारण १८ टक्के असतो आणि प्रत्येक पायाचा १८ नव्हे, साधारण १४. पुढे दर वर्षी डोक्याचा वाटा अंदाजे १ टक्क्याने कमी होतो आणि प्रत्येक पायाचा अर्ध्या टक्क्याने वाढतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास मूल मोठ्या माणसाच्या प्रमाणाजवळ येते. लंड-ब्राउडर तक्त्यात वयानुसार वेगळे रकाने आहेत ते याचसाठी.

आता चहा सांडलेल्या त्या मुलाचा हिशेब करून पाहा. वजन १० किलो. डोक्याची पुढची निम्मी बाजू, धडाच्या पुढच्या भागाचा निम्मा आणि एका हाताचा निम्मा भाग भाजला आहे. मोठ्या माणसाच्या चित्रावर बेरीज होते साडेचार, नऊ आणि साडेचार, म्हणजे १८ टक्के. मुलाच्या चित्रावर होते नऊ, नऊ आणि साडेचार, म्हणजे साडेबावीस. पहिल्या चोवीस तासांच्या द्रवासाठी प्रचलित असलेले पार्कलँड सूत्र सांगते : ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्केवारी. पहिल्या चित्राने उत्तर येते ७२० मिलिलिटर, दुसऱ्याने ९००. फरक १८० मिलिलिटरचा. १० किलोच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून रक्तच सुमारे ८०० मिलिलिटर असते, हे ध्यानात घेतले की हा फरक किती मोठा ते कळते.

चूक उलट दिशेनेही होते. मूल कढत पाण्यात पाय टाकते आणि दोन्ही पायांची पुढची बाजू भाजते. मोठ्या माणसाच्या चित्रावर ते १८ टक्के, मुलाच्या चित्रावर १४. म्हणजे ५६० मिलिलिटरऐवजी ७२०. जादा द्रवाने अंग सुजते, छातीत पाणी साचण्याचा धोका वाढतो. अर्थात सूत्र ही फक्त सुरुवात असते. मुलांना रोजच्या गरजेचा द्रव याशिवाय वेगळा द्यावा लागतो, आणि किलोमागे दर तासाला साधारण १ मिलिलिटर लघवी होते की नाही हे पाहून प्रमाण कमी-जास्त करावे लागते. पण सुरुवातच चुकली तर पहिले आठ तास, म्हणजे सर्वांत मोलाचे तास, चूक सुधारण्यात जातात.

हा जुनाच धडा नव्याने सांगण्याचे कारण म्हणजे हे चित्र आता कागदावरून पडद्यावर येत आहे. रुग्णनोंदी संगणकावर होऊ लागल्या, डॉक्टरांच्या हातात टॅब आले, भाजलेल्या क्षेत्राचा हिशेब करणारी अ‍ॅप निघाली. ही चांगली गोष्ट आहे. पण कागदावरचे चित्र नुसते स्कॅन करून पडद्यावर चिकटवले, तर त्या संगणकाचा रुग्णाला काडीचाही उपयोग नाही. स्कॅन केलेले चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची चटई. त्यात डोके कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते हे माणसाच्या डोळ्याला दिसते, यंत्राला नाही. मुलासाठी चित्र हवे म्हटले की असे चित्र फक्त सगळेच्या सगळे लहान करता येते. मग पडद्यावर दिसते ते मूल नसते, तो छोटा केलेला मोठा माणूस असतो. बालरोगशास्त्राच्या पहिल्याच तासाला जे करू नका म्हणून सांगतात, तेच यंत्र करून दाखवते.

यावर उपाय आहे, तो जुना आहे आणि फुकटही आहे. चित्र साठवण्याची दुसरी पद्धत म्हणजे व्हेक्टर. तिच्यात ठिपके नसतात, रेषांचे वर्णन असते : या बिंदूपासून सुरू करा, इतके वळण घ्या, त्या बिंदूला मिळा, आकृती बंद करा, आत हा रंग भरा. वेबवर यासाठी एसव्हीजी नावाचा प्रमाणित नमुना २००१ पासून आहे. एसव्हीजी फाइल म्हणजे वाचता येणारा साधा मजकूर असतो. तिच्यात प्रत्येक आकाराला स्वतःचे नाव देता येते आणि अनेक आकारांचा एक गट करून त्या गटालाही नाव देता येते. बोटे, तळवा, मनगट मिळून ‘उजवा हात’, दोन हात, दोन पाय, धड, डोके मिळून ‘शरीर’. शवविच्छेदनाच्या टेबलावर शिकलेल्या माणसाला ही रचना समजायला वेळ लागू नये.

या नावांना हाक मारण्यासाठी प्रोग्रामरांकडे तयार सूचनांचे संच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. दिमित्री बारानोव्स्की यांची राफाएल ही लायब्ररी २००८ मध्ये आली. तिने पडद्यावर व्हेक्टर चित्र काढणे सोपे केले. त्यांनीच पुढे अ‍ॅडोबी कंपनीत केलेली स्नॅप ही लायब्ररी २०१३ मध्ये आली. तिचा विशेष असा की, चित्रकाराने आधीच काढलेले एसव्हीजी चित्र ती उघडते आणि त्यातला नेमका एक भाग नावाने उचलून देते. २०११ पासूनची डी-थ्री ही लायब्ररी आणखी एक काम करते : चित्राच्या प्रत्येक भागाला आकडा जोडते आणि आकडा बदलला की भागाचे रूप बदलते. भाजलेल्या शरीराच्या तक्त्याला नेमके हेच हवे आहे. वय लिहिले की डोक्याचा आकार आणि डोक्याचे टक्के दोन्ही बदलावेत, धड आपल्या प्रमाणात राहावे, पाय आखूड व्हावेत. छातीवर बोट ठेवले की छातीच रंगावी, पोट नव्हे.

असे असले तरी हे काम सोपे नाही. ते फक्त प्रोग्रामरवर सोपवून चालणार नाही, कारण यातल्या प्रत्येक तांत्रिक अडचणीमागे एक वैद्यकीय अडचण दडलेली आहे.

पहिली अडचण नावांची. चित्रकार चित्र पूर्ण करतो तेव्हा बहुतेक आकारांना सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली नावे असतात, एखादा शब्द आणि त्यापुढे चार आकडे. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळदा फाइल हलकी व्हावी म्हणून सगळे आकार एकात एक मिसळून टाकलेले असतात. दिसायला चित्र तेच, पण आतला हात आणि धड आता एकच तुकडा. पोळीचा उंडा पुन्हा पिठात आणि पाण्यात वेगळा होत नाही, तसे ते चित्र पुन्हा सुटे होत नाही. तिसरा प्रकार असा की फाइल चांगली असते, पण ती पानावर साध्या फोटोसारखी लावलेली असते. मग आतले भाग लायब्ररीच्या हाती लागत नाहीत. काचेच्या बंद कपाटातल्या सांगाड्यासारखे ते फक्त बाहेरून पाहता येते.

दुसरी अडचण टेकूची. एसव्हीजीमध्ये एखादा भाग मोठा करा असे सांगितले आणि कुठला बिंदू धरून ते सांगितले नाही, तर यंत्र चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मापे वाढवते. डोके दीडपट करायला जावे, तर ते मोठे होते खरे, पण मानेवरून निसटून उजवीकडे खाली, छातीवर येऊन पडते. नवख्या प्रोग्रामरला हे कोडे वाटते. डॉक्टरला त्याचे उत्तर ठाऊक असते : डोके मानेच्या बुडाशी धरून वाढवायचे, पाय जांघेशी धरून आखूड करायचा, हात खांद्याशी धरायचा.

तिसरी अडचण डाव्या-उजव्याची. समोरून काढलेल्या चित्रात रुग्णाचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजवीकडे असतो, पाठमोऱ्या चित्रात तो डावीकडे जातो. चित्रकाराने एक बाजू काढून आरशासारखी उलटवून दुसरी केली आणि नावे तशीच ठेवली, तर नोंदीत डाव्याचे उजवे होते. म्हणून नाव नुसते ‘डावा हात’ नको, ‘रुग्णाचा डावा हात, पुढची बाजू’ असे हवे. चुकीच्या बाजूच्या नोंदीने काय अनर्थ होतो, हे शस्त्रक्रियागृहात काम केलेल्यांना सांगावे लागत नाही.

चौथी अडचण आकड्यांची. पडद्यावर रंगवलेले क्षेत्र मोजून टक्के काढण्याचा मोह प्रोग्रामरला होणे स्वाभाविक आहे. पण चित्र सपाट असते आणि शरीर गोल. चित्रातले क्षेत्रफळ म्हणजे कातडीचे क्षेत्रफळ नव्हे. टक्के तक्त्यातूनच घ्यावेत आणि प्रत्येक भागाला जोडावेत, हेच बरोबर. भाग अर्धवट भाजला असेल तर तो आणखी लहान तुकड्यांत विभागलेला हवा. विखुरलेल्या छोट्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का धरतात. ती सोयही चित्रात ठेवता येईल. नुसती लाली आलेली कातडी हिशेबात धरत नाहीत, तेव्हा तिच्यासाठी बेरजेत न येणारी वेगळी खूण हवी. आणि खोल जखम व वरवरची जखम फक्त रंगाने वेगळी दाखवू नये. तालुक्याच्या रुग्णालयातला प्रिंटर काळा-पांढरा असतो आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे डॉक्टरांमध्येही असतात. एकीत तिरप्या रेघा, दुसरीत ठिपके भरले की काम भागते.

भागावर नाव हवे, हा आग्रह काही संगणकाने आणलेला नाही. १८५८ मध्ये लंडनला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ प्रसिद्ध झाले. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. तोवरच्या अनेक पुस्तकांत अवयवावर एखादे अक्षर किंवा आकडा असे आणि त्याचा अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावर शोधावा लागे. कार्टर यांच्या चित्रांत स्नायूचे, धमनीचे, हाडाचे नाव त्याच्याच अंगावर किंवा शेजारी लिहिलेले होते. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलायची गरज उरली नाही. हे पुस्तक इतकी वर्षे टिकले त्यात या साध्या युक्तीचा वाटा मोठा आहे. हेच कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते आणि इथल्या कुष्ठरोगावर व मदुरा फूट या पायाच्या बुरशीजन्य रोगावर त्यांनी मोलाचे काम केले. अवयवाचे नाव अवयवापाशीच असावे हे ज्या हाताने शिकवले, तो हात महाराष्ट्रात वावरून गेला आहे. त्या महाराष्ट्रात आज आरोग्याची चित्रे बिननावाच्या तुकड्यांची असावीत, हे शोभत नाही.

यावर अनुभवी डॉक्टरांचा एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. रात्री दोन वाजता, वीज गेलेली, मूल रडते आहे, सिस्टर शीर शोधते आहे. अशा वेळी टॅब कोण उघडणार? तिथे डॉक्टरची नजर आणि रुग्णाचा तळहात हेच मोजमाप. खरे आहे. पण व्हेक्टर चित्राचा फायदा कागदालाही होतो. एकाच फाइलमधून एक वर्षाचे, पाच वर्षांचे, दहा वर्षांचे आणि मोठ्या माणसाचे अशी चार वेगळी चित्रे, टक्के जागच्या जागी लिहून, हव्या त्या आकारात छापता येतात. भिंतीवर लावायला मोठी, केसपेपरला टाचायला छोटी. रेषा कुठेही फाटत नाहीत. शिवाय नावे मराठीत करायची तर चित्र नव्याने काढावे लागत नाही, फक्त शब्द बदलायचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्राने ‘२२.५ टक्के’ असे दाखवले की तो आकडा खरा वाटू लागतो. कागदावर अंदाज हा अंदाजच दिसतो, पडद्यावर त्याला दशांश चिन्हाची प्रतिष्ठा मिळते. त्यामुळे चांगल्या तक्त्याने उत्तर देताना आपला हिशेबही उघड दाखवावा : डोके इतके, छाती इतकी, हात इतका, वय इतके धरले. म्हणजे चूक असेल तर ती डॉक्टरच्या नजरेला पडेल.

असा तक्ता तपासायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. कुठल्याही डॉक्टरला एका मिनिटात करता येईल अशी कसोटी आहे. वय एक वर्ष लिहा आणि शरीराचे सगळे भाग एकेक करून रंगवा. बेरीज १०० आली पाहिजे. पाच वर्षे लिहा, पुन्हा १००. मोठा माणूस, पुन्हा १००. ही कसोटी पोरकट वाटेल, पण तिच्यात तक्ते नापास होऊ शकतात. मुलाचे पाय प्रत्येकी १४ धरले आणि मोठ्या माणसाच्या चित्रातला जांघेचा १ टक्का तसाच राहिला, की बेरीज १०१ होते. पाय साडेतेराचे केले की हिशेब जुळतो. चित्राचा एक भाग बदलला की दुसऱ्यावर परिणाम होतो, हे शरीराबद्दल जितके खरे तितकेच त्याच्या चित्राबद्दलही.

तेव्हा मागणी साधी असावी. सार्वजनिक पैशातून आरोग्याचे जे चित्र काढले जाईल, मग ते भाजल्याच्या तक्त्याचे असो, इंजेक्शनच्या जागांचे असो की स्तनांच्या स्वयंतपासणीचे, ते सुट्या आणि नाव दिलेल्या भागांच्या व्हेक्टर फाइलच्या रूपात ताब्यात घ्यावे. केवळ छापील पोस्टर किंवा त्याचा फोटो स्वीकारू नये. कंत्राटाच्या कागदात त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे. भागांची नावे ठरवताना शरीररचनाशास्त्राचा एक शिक्षक आणि वॉर्डातली एक अनुभवी परिचारिका सोबत बसवावी. तयार फाइल सर्व जिल्ह्यांना खुली ठेवावी, म्हणजे एका ठिकाणची दुरुस्ती सगळ्यांना मिळेल. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना नऊचा नियम पाठ करून घेताना त्याच तासाला मुलाचे चित्रही शेजारी दाखवावे.

चहाचे पातेले ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवणे हा अर्थातच सर्वांत चांगला उपाय आहे आणि तो प्रत्येक घराच्या हातात आहे. पण ज्या मुलांच्या बाबतीत ते राहून जाते, त्यांच्यासाठी समोरच्या डॉक्टरकडे त्यांच्याच मापाचे चित्र असावे, मोठ्यांचे आकसवलेले चित्र नव्हे.